तुकडा काजू

दिवाळीत आलेल्या पाच डब्यांपैकी तीन काजूकतलीचे निघाले की आमच्याकडे आनंद आणि वैताग एकदमच होतो. सोनपापडीसारखी ती न उघडता पुढच्या घरी सरकवता येत नाही. झाकण उचललं जातंच, आणि वर्खाची चांदी बोटाला लागली की डबा आपला.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. परसात काजूची झाडं होती, पण अख्खा काजू ही आमच्या लेखी विकायची वस्तू. आत्या काजूच्या कारखान्यात जायची. उकडलेली बी कटरवर फोडायची. टरफलातल्या चिकाने कातडी जळते, म्हणून हाताला तेल चोपडायचं. तरी तिच्या बोटांची टोकं काळी ती काळीच. मग सुकवलेल्या गराची साल काढायची, गर न मोडता. सगळा भाव त्या 'न मोडता'वर. डब्ल्यू-१८० म्हणजे पौंडात फार तर १८० गर मावतील असा दांडगा काजू, डब्ल्यू-३२० त्याहून बारका. उभा फुटला की पाकळी, आणखी मोडला की तुकडा, मग कणी. चव तीच, पण दर पायऱ्या उतरत जातो. अख्खा मुंबईला जायचा, मोडका आमच्या बरणीत.

लग्नानंतर पुण्यात पहिल्यांदा कतली करायला घेतली, तर मी आपले हौसेने टपोरे काजू आणले. फोनवर आत्या उसळलीच, "अख्खे काजू दळूक कित्याक? तुकडो हाड!"

खरंच की. ज्याची पूडच करायची त्याची अंगकाठी कशाला बघायची?

बाकी कृती चार ओळींची. काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे, सलग फिरवले तर तेल सुटतं. पूड चाळून दोन वाट्या, साखर एक वाटी, साखर बुडेल इतकंच पाणी, एकतारी पाक. पूड घातली की मात्र कढईपासून हलायचं नाही. गोळा कडा सोडून फिरायला लागतो, त्यातला चिमूटभर बोटांत वळून बघायचा. चिकटला नाही की गॅस बंद. मी दर वर्षी 'अजून एक मिनिट' म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी कतली दातांशी भांडते.

गोळा कोमट असतानाच तुपाच्या हाताने मळून दोन प्लॅस्टिकच्या कागदांत लाटायचा. पोळी गोल आणि काप चौकटच्या एक्क्यासारखे, त्यामुळे कडेला वेडेवाकडे त्रिकोण उरतात. त्यांना वर्ख नाही, डब्यात जागा नाही. ते करणारीने उभ्या उभ्या खायचे. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणलेल्या झाडाने माझ्या ओट्यापर्यंत केलेला प्रवास त्या कडांतच सुफळ होतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

गेल्या दिवाळीत आत्या आली होती. भेट आलेल्या डब्यातला एक काप तिने उचलला, उजेडात धरला, नखाने वर्ख बाजूला केला आणि कोपरा तोडून जिभेवर ठेवला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

"भुईमूग आसा ह्यात," ती म्हणाली.

आणि दुसरा उचलला.