तुम्ही विचारलंत म्हणून : सनद, कारखाना आणि घरातले राजकारण

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, इतकेच काय, दाढ धरून दंतवैद्याकडे बसलो असतानाही मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : घरात राजकारण, हाती वकिलीची सनद आणि वर भोसरीला कारखाना, हे सगळे तुम्ही एकटे कसे सांभाळता? खरे सांगायचे तर मी ते कधीच एकदम सांभाळले नाही, कारण कायद्यालाच ते मंजूर नाही.

१९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा आमचे आजोबा पहिल्या सभागृहात निवडून गेले. वडील पुढे पुणे महापालिकेत नगरसेवक झाले. त्यामुळे मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा ही तिकिटाची पूर्वतयारी आहे असे सर्वांनी गृहीत धरले. गंमत अशी की, त्या जोडीला कायद्याची हरकत नाही. आमदार-खासदार हे पूर्णवेळ पगारी नोकर ठरत नाहीत, त्यामुळे त्यांना वकिली करण्यास मनाई नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. धंद्याच्या बाबतीत मात्र बार कौन्सिलचे नियम कडक आहेत. वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही. कंपनीचा संचालक होता येते, पण कार्यकारी काम अंगावर घेता येत नाही. आणि वारशाने आलेल्या धंद्यात हिस्सा ठेवता आला, तरी त्याच्या कारभारात लक्ष घालता येत नाही. यावर पुण्यात कोणीतरी लगेच टिळकांचा दाखला देतो, की त्यांचा कायद्याचा वर्ग होता, लातूरला जिनिंगचा कारखाना होता आणि राजकारण तर होतेच. परंतु टिळक कायदा शिकवत होते, अशिलांची वकीलपत्रे घेत नव्हते. शिवाय १९६१ चा अधिवक्ता कायदा त्यांना आडवा येणार नव्हता.

वडिलांच्या पश्चात पंपांचे सुटे भाग बनवणारा आमचा लहानसा कारखाना थोरले चुलतबंधू पाहत असत आणि मी नियमाप्रमाणे केवळ हिस्सेदार होतो. ते अंथरुणाला खिळले त्या महिन्यात आमचे फोरमन पगारपत्रक आणि चेकबुक घेऊन थेट कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये आले. माझ्या गळ्यात पांढरे बँड होते आणि दहा मिनिटांत उलटतपासणी सुरू व्हायची होती. मी त्यांना नियम समजावून सांगू लागलो. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, चहाचा कप बाजूला सारला, चेकबुक माझ्यापुढे उघडले आणि म्हणाले, "दादा, उद्या सात तारीख आहे." आमच्याएवढ्या कारखान्यात सात तारखेच्या आत पगार देणे हाही कायदाच होता. मी सह्या केल्या आणि नंतरच्या आठवड्यात महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनद स्थगित करण्याचा अर्ज पाठवला. आधी अर्ज आणि मग सही, हा योग्य क्रम होता, हे मला त्या क्षणीही ठाऊक होते.

राजकारणाने धंद्याला हात दिला असेल, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटते. नगरसेवकाचा महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर त्याचे पदच जाऊ शकते; म्हणून वडील निवडून आलेले असेपर्यंत आम्ही महापालिकेच्या एकाही निविदेकडे फिरकलो नाही, आणि पंपांची मोठी गिऱ्हाईक नेमकी तीच होती. वडील जाऊन इतकी वर्षे झाली, तरी आजही रविवारी सकाळी कोणी ना कोणी नळजोडणीसाठी नाहीतर शाळाप्रवेशासाठी शिफारसपत्र मागायला येतो. मी आता वकीलही नाही आणि पुढारीही नाही, असे मी सांगतो. परवा एका गृहस्थांनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग साहेबांचं जुनं लेटरहेड तरी असेल ना?"