भांडुपच्या खाडीकाठी पाण्याचे नमुने घेताना

ठाणे खाडीतील मासे जाळे न टाकता, केवळ पाण्यातील डीएनएवरून ओळखता येतात का, हे पाहण्यासाठी जानेवारीतील एका रविवारी आम्ही चौघे भांडुपच्या पंपिंग स्टेशनमागे गेलो. खवले, अंगावरचा बुळबुळीत स्राव आणि विष्ठा यांतून प्राण्यांचा डीएनए सतत पाण्यात मिसळत असतो. पाणी गाळून तो पकडायचा आणि प्रयोगशाळेत वाचायचा, अशी ही पद्धत आहे. २००८ साली फ्रान्समधील तळ्यांत परक्या बेडकाचा माग याच रीतीने काढण्यात आला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा भरती लागली होती आणि तेथेच आमची चूक झाली. काठावर जाळे सावरत बसलेले एक कोळी काका म्हणाले, "भरतीचं पाणी दर्याकडून येतं. इथलं पाणी हवं तर ओहोटीला या." त्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावेच. ओहोटी लागल्यावर उघड्या पडलेल्या चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, सरपटू लागल्या. प्रत्येकीच्या मागे एक ओली रेघ उमटत होती आणि तिचा डीएनए त्या रेघेतही उतरला असणार, या विचाराने मी बराच वेळ पाहत राहिलो.

०.४५ मायक्रॉनचा, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा फिल्टर पेलाभर पाण्यातच तुंबला. अशा गढूळ पाण्यासाठी मोठ्या छिद्रांचे फिल्टर आणि बरेच जादा फिल्टर न्यावेत. गाळ खाली बसू देण्याचा मोह मात्र टाळावा, कारण डीएनए गाळाच्या कणांनाही चिकटलेला असतो. प्रत्येक ठिकाणी हातमोजे बदलावेत, शुद्ध पाण्याची एक बाटलीही तेथेच उघडून गाळावी, म्हणजे आपल्याच हातून झालेली भेसळ कळते, आणि ऊन व उष्णतेने डीएनए विरत असल्याने फिल्टर लगेच बर्फात ठेवावेत.

मुंबईत नाल्याच्या तोंडापासून दूर राहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. स्वयंपाकघरांत मासळी धुतलेले पाणी नाल्यावाटे खाडीत येते. तेव्हा प्रयोगशाळेच्या अहवालात सुरमई दिसली, तरी ती खाडीत पोहत होती असे म्हणता येत नाही. तसेच खाडीतील फ्लेमिंगोंचा भाग संरक्षित अभयारण्य असल्याने (२०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे) तेथील नमुन्यांसाठी वनविभागाची लेखी परवानगी आधीच काढावी.

ज्या जातीचा डीएनए संदर्भसंग्रहात, म्हणजे जुळवून पाहण्यासाठीच्या ज्ञात डीएनएच्या साठ्यात नाही, ती अहवालात नावानिशी येत नाही. म्हणून काकांच्या टोपलीतील बोय, शिंगाळा आणि कोळंबी आम्ही वहीत नोंदवून घेतली असून अहवाल हाती येताच तो त्या नोंदींशी ताडून पाहणार आहोत.