टोपीखालचा चेहरा: आमच्या शेडमधले जुने कॅमेरे बदलताना

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या शेडमध्ये पितळेच्या भंगाराच्या दोन गोण्या हिशेबात कमी आल्या. रबाळे एमआयडीसीत आमचं पितळी पार्ट टर्निंगचं जॉबवर्क आहे. सळई आत येते, लेथवर आणि सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) पार्ट होतो, आणि मशीनखाली जो कीस पडतो तोसुद्धा किलोवर विकला जातो. या धंद्यातल्या माणसाला दोन गोण्या पितळ म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही.

बाबांनी २०१२ साली आठ कॅमेरे बसवून घेतले होते. सुपरवायझर, वॉचमन काका आणि मी डीव्हीआरसमोर, म्हणजे कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरसमोर बसलो. शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास एक माणूस पाठीवर गोणी घेऊन गेटकडे गेला, परत आला, दुसरी घेऊन गेला. डोक्यावर टोपी, अंगात निळसर काहीतरी, आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी ठिपका. कुणीतरी म्हणालं, "हा तर आपला हेल्परच." त्यानंतर त्या ठिपक्यात सगळ्यांना तोच दिसायला लागला. मलाही.

हा मुलगा मुरबाडकडचा, सहा वर्षं आमच्याकडे कामाला. विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "ताई, मी त्या टायमाला मागं कॉम्प्रेसरचं पाणी काढत होतो." मागच्या गल्लीतला कॅमेरा अंधार पडला की बंद व्हायचा, त्यामुळे त्याच्या बाजूने दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं. चार दिवस तो कुणाबरोबर डबा खायला बसला नाही. पाचव्या दिवशी भंगारवाल्याशी हिशेब करताना त्याच्या वहीत त्या दोन गोण्या निघाल्या. टेम्पोच्या क्लीनरने रीतसर नेल्या होत्या, चलन फाडलेलं होतं आणि ते सुपरवायझरच्या डायरीत दुमडून राहिलं होतं.

मी सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागितली. तो "असू द्या ताई" म्हणाला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या कॅमेऱ्यावरून आम्ही एका माणसावर आळ घेतला, त्या कॅमेऱ्याला त्याचा चेहरा दाखवण्याची ताकदच नव्हती, आणि तरी आम्ही त्याला साक्षीदार मानलं होतं. कॅमेरे बदलायचे ते यासाठी, हे तेव्हाच ठरलं.

मग कोटेशनं मागवली. पहिल्याने शेड न बघताच फोनवर सांगितलं की सगळं ॲनालॉग उपटून टाका, आठ आयपी कॅमेरे (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चित्र पाठवणारे), नवीन कॅट-सिक्स केबल (नेटवर्कची), पीओई स्विच (त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज देणारा), एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर). रक्कम १ लाख १८ हजार. दुसरा म्हणाला, जुने कॅमेरे चांगले आहेत, फक्त डीव्हीआर नवा घ्या, चित्र आपोआप सुधारेल. हे साफ चुकीचं होतं. कॅमेऱ्यातूनच जे आलं नाही, ते रेकॉर्डर कुठून आणणार? तिसरा ऐरोलीहून आला, तो येताना हातात मावेल एवढा स्क्रीनवाला टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, कुठल्या जागी नक्की काय बघायचंय?" किती कॅमेरे हवेत, हे त्याने सगळ्यात शेवटी विचारलं. मी काम त्यालाच दिलं.

त्याने आधी जुन्या यंत्रणेची हालत समजावून दिली. आपल्याकडचं जुनं ॲनालॉग म्हणजे टीव्हीची पाल पद्धत. पूर्ण चित्र पकडलं तरी ७०४ गुणिले ५७६ बिंदू (पिक्सेल) मिळतात. आमचा डीव्हीआर डिस्क वाचवण्यासाठी त्याहूनही लहान, ३५२ गुणिले २८८ साठवत होता. गेटचा कॅमेरा गेटपासून आठ मीटरवर आहे आणि त्याच्या रुंद लेन्समध्ये तिथली साधारण बारा मीटर जागा येत होती. म्हणजे एका मीटरला जेमतेम २९ बिंदू. या कामासाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत, समोर कोणीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ बिंदू लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटायला २५०. आमचं चित्र "तिथे एक माणूस आहे" एवढंच सांगत होतं. नाव आम्ही घातलं होतं. तो २९ चा आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे.

आता वायरींचं. शेडमध्ये जी केबल होती तिला इथे सगळे थ्री प्लस वन म्हणतात: मध्ये चित्राची कोॲक्स (केबल टीव्हीला असते तशी जाळीची वायर) आणि शेजारी पॉवरच्या तीन वायरी. हीच केबल नव्या एचडी ॲनालॉग कॅमेऱ्यांना चालते. टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी ही सगळी त्याच जातीची नावं. दोन मेगापिक्सेलचं, म्हणजे १९२० गुणिले १०८० चं चित्र जुन्या कोॲक्सवरून येतं, म्हणून भिंती आणि पत्रे पुन्हा फोडावे लागत नाहीत. पण जुन्या चित्राच्या सिग्नलला सहा मेगाहर्ट्झच्या आसपास वारंवारतेची रुंदी पुरायची, एचडीला त्याच्या कितीतरी पट लागते. म्हणून जो जोड जुन्या कॅमेऱ्याला वर्षानुवर्षं चालला, तोच एचडीला नडतो: रंग उडतात, कडांना सावली येते, रात्री चित्रात मुंग्या दिसतात. आमच्याकडे तीन ठिकाणी वायरी नुसत्या पिळून काळी पट्टी गुंडाळलेली सापडली. पत्र्याबाहेरच्या दोन बीएनसी पिना (कोॲक्सच्या टोकाला लावतात त्या) पावसाने आणि खाडीच्या दमट हवेने हिरव्या पडल्या होत्या. ऐरोलीच्या दादाने (मी त्या कामवाल्याला दादाच म्हणायचे) एकेका केबलच्या टोकाला एचडी कॅमेरा लावून दुसऱ्या टोकाला टेस्टरवर चित्र बघितलं. आठपैकी सहा केबली नवीन पिना लावल्यावर स्वच्छ निघाल्या. एक उन्हाने तडकली होती, ती बदलली. आठवी जेवणाच्या टेबलावरच्या कॅमेऱ्याची, तिचं पुढे सांगते.

मागच्या गल्लीतल्या कॅमेऱ्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. तो खराब आहे असं आम्ही कित्येक वर्षं धरून चाललो होतो. दादा म्हणाला, "ताई, आज अंधार पडेपर्यंत थांबतो." सात वाजता त्याने मल्टिमीटर लावला. ऑफिसमधल्या एसएमपीएसवर (कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या डब्यावर) १२.१ व्होल्ट, ५५ मीटर लांब कॅमेऱ्यापाशी ९.६. दिवसा कॅमेरा कमी करंट ओढतो, म्हणून निभतं. अंधारात त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की करंट वाढतो, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद होतो. बंद झाला की दिवे विझतात, व्होल्टेज चढतं, तो पुन्हा सुरू होतो, आणि पुन्हा तेच. कॅमेऱ्यात दोष नव्हताच. तिथेच जवळ पॉइंट काढून वेगळा बारा व्होल्टचा अडॅप्टर दिला आणि गल्ली रात्रभर दिसायला लागली. हे आधी कुणी मोजलं असतं तर त्या शनिवारी कॉम्प्रेसरपाशी कोण होतं, ते मला पाच मिनिटांत कळलं असतं. याची मला अजून खंत आहे.

नवा रेकॉर्डर एक्सव्हीआर जातीचा घेतला. जुना ॲनालॉग, एचडी आणि काही आयपी कॅमेरे असं सगळं त्याला एकत्र चालतं, त्यामुळे एकदम पैसे ओतावे लागत नाहीत. (उलट मात्र चालत नाही. जुन्या डीव्हीआरला एचडी कॅमेरा लावला तर पडदा काळाच राहतो. त्यासाठी कॅमेऱ्याच्या वायरीवरचं बटण दाबून त्याला जुन्या पद्धतीवर आणावं लागतं, पण मग चित्रही जुन्याच दर्जाचं मिळतं.) गेट, लोडिंगचं शटर, सीएनसीची ओळ, लेथची बाजू आणि मागची गल्ली इथे पाच नवे एचडी लागले. सळ्यांचा रॅक आणि मीटर रूम इथले दोन जुनेच ठेवले, कारण तिथे काही आहे की नाही एवढंच बघायचं असतं.

गेटला दादाने ६ मिलिमीटरची लेन्स सुचवली. सगळा परिसर एका कॅमेऱ्यात यावा असं बाबांना वाटत होतं. "अगं, रस्ता दिसणारच नाही मग," ते म्हणाले. त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवले: आठ मीटरवर या लेन्समध्ये साडेसात मीटरची रुंदी येते, १९२० ला साडेसातने भागलं की २५६. बाबांनी चष्मा लावून हिशेब दोनदा तपासला आणि हो म्हणाले. कॅमेरा चौदा फुटांवरून आठ फुटांवर उतरवला. उंचावरून टोपीच दिसते, चेहरा दिसत नाही.

जेवणाच्या टेबलावरचा कॅमेरा मी काढून टाकला. तो तिथे का होता ते बाबांनाही आठवत नव्हतं. आठवा कॅमेरा भंगाराच्या वजनकाट्यावर बसवला, जिथे तो पहिल्यापासून असायला हवा होता. त्या बाजूला केबलच नव्हती, म्हणून तिथे कॅट-सिक्स ओढून एक आयपी कॅमेरा लावला. काट्याचा आकडा, गोणी आणि उचलणारा माणूस, तिन्ही एका चित्रात येतात. नवे कॅमेरे घेताना दादाने खोक्यावरची माहिती तपासून घेतली. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारच्या सुरक्षा-चाचणीच्या अटी लागू झाल्या आहेत आणि दुकानात जुना साठा गळ्यात मारला जाऊ शकतो, असं त्याचं म्हणणं.

काम शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी केलं आणि शनिवारी मशीनं सुरू होताच सीएनसीकडच्या चित्रात आडव्या पट्ट्या वर सरकायला लागल्या. मला वाटलं पैसे वाया गेले. कॅमेऱ्याची धातूची बॉडी थेट लोखंडी खांबाला स्क्रूने आवळली होती. खांबाचं अर्थिंग आणि रेकॉर्डरचं अर्थिंग यांत फरक पडला की तो फरक कोॲक्सच्या जाळीतून वाहतो आणि चित्रात उतरतो. खांब आणि कॅमेऱ्यामध्ये प्लास्टिकचा बॉक्स टाकला, स्क्रू लोखंडाला लागणार नाहीत असे घेतले. पट्ट्या गेल्या.

डिस्कचा हिशेब मी स्वतः केला. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाला २१.६ जीबी होतात, आठांचे मिळून १७३. म्हणजे ४ टीबीमध्ये २३ दिवस. रात्री आणि शुक्रवारी फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड कर असं सेट केल्यावर महिन्याच्या वर जातं. डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, सर्व्हेलन्सचीच घेतली. जुन्या डीव्हीआरमध्ये कॉम्प्युटरची साधी डिस्क होती आणि तीन चॅनेलचं रेकॉर्डिंग कधीपासून होतच नव्हतं. पडद्यावर चित्र दिसतं म्हणजे ते साठवलंही जातंय, असं आम्ही गृहीत धरलं होतं. आता दर सोमवारी मी आदल्या आठवड्यातली दोन मिनिटं कुठलीही काढून बघते.

जुन्या डीव्हीआरचं घड्याळ २३ मिनिटं मागे होतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. नव्याला इंटरनेटवरून वेळ जुळवायला लावली. पासवर्ड कंपनीतून आला तोच होता, १२३४५. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने असेच मूळ पासवर्ड असलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, हे कळल्यावर मी त्याच संध्याकाळी बदलला. राउटरमध्ये कुणीतरी बाहेरून बघण्यासाठी उघडून ठेवलेला पोर्टही बंद करून घेतला.

जीएसटी धरून ४३ हजारांच्या आसपास खर्च आला. त्यातला सगळ्यात मोठा एकटा आकडा डिस्कचा.

काम झाल्यावर सगळ्यांना ऑफिसमध्ये बोलावून पडदा दाखवला. कुठे कॅमेरा आहे, कुठे नाही, रेकॉर्डिंग कोण काढू शकतं, हे सांगितलं. ते मी आणि बाबा सोडून कुणी काढायचं नाही, आणि कुणाबद्दल शंका असेल तर ते त्या माणसाला शेजारी बसवूनच बघायचं, असंही ठरवलं. हेल्पर मागे उभा होता. काही बोलला नाही.

फेब्रुवारीत एका गिऱ्हाइकाचा फोन आला, खोक्यात दोनशे पार्ट कमी आहेत. पॅकिंग त्याच मुलाने केलं होतं. मी काही म्हणायच्या आत तो जिना चढून ऑफिसात आला, हात पुसत. "ताई, मंगळवारचं लावा. शटरचा कॅमेरा. साडेचारनंतरचं." आम्ही दोघांनी बसून बघितलं. चार सत्तेचाळीसला त्याने भरलेली दोन लहान पाकिटं टेम्पो लागल्यावर घाईत शटरशेजारच्या फळीवर ठेवली गेली होती आणि तिथेच राहिली होती. ठेवणारे हात सुपरवायझरचे होते, चेहराही स्वच्छ दिसत होता. मी खाली जाऊन बघितलं, पाकिटं अजून तिथेच होती, वर धूळ बसलेली. त्यानेच ती पुसून संध्याकाळच्या टेम्पोत चढवली.