टिटवीपुढे चिंगी

लग्नाच्या बाजारात माझा धंदा सांगायची सोय नव्हती, असं आई अजूनही म्हणते. 'मुलगा कुत्री शिकवतो' इथवर ठीक होतं. अलकापुरीच्या बंगल्यांतल्या लॅब्राडोरना शेकहँड शिकवणारे मास्तर बडोद्याला नवे नाहीत. पण 'कुत्र्याकडून पक्षी उठवतो' म्हटलं की समोरचे आधी हसायचे आणि मग हळूच विचारायचे, "पण ह्याचे पैसे कोण देतं?"

देतात. हिरवळ राखणारा प्रत्येक जण कधी ना कधी पक्ष्यांना कंटाळतो. फटाके फोडून बघतो, चकचकीत रिबिनी बांधतो, प्लॅस्टिकचं घुबड आणून बसवतो. चौथ्या दिवशी त्या घुबडाच्या डोक्यावर साळुंकी बसलेली असते. (माझ्याकडे फोटो आहे.) ही वस्तू नुसती दिसते, अंगावर येत नाही, हे पक्ष्यांना फार लवकर कळतं. कुत्रं अंगावर येतं. आज पूर्वेकडून, उद्या पश्चिमेकडून, परवा भलत्याच वेळी. त्याची सवय होत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सच्या विमानतळाने 1999 सालीच धावपट्टीजवळचे पक्षी उठवायला बॉर्डर कॉली ठेवलं होतं. आपल्याकडे हवाई दलाने 2021 मध्ये आग्र्याच्या तळासाठी मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्यांची चार पिल्लं घेतली. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं संस्थान, त्यामुळे आमच्या दांडिया बाजारात, बडोद्याच्या मराठी वस्तीत, ती बातमी 'आपलं कुत्रं विमानतळावर' अशा थाटात वाचली गेली.

माझी चिंगी मात्र बॉर्डर कॉली. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढ्या वळायला तयार झालेली ही जात. एका फ्लॅटवाल्याने हौसेने आणली, तिने दोन सोफे फाडले आणि आठव्या महिन्यात ती माझ्याकडे आली. ह्या जातीचं सगळं बळ नजरेत. मान खांद्यांच्या खाली, पोट गवताला टेकेल इतकं वाकलेलं, उचललेला एक पाय तसाच अधांतरी, आणि टक लावून बघणं. भुंकणं नाही, चावणं नाही. शिकारीतलं हेरणं, दबा धरणं, पाठलाग हे सगळं तिच्यात आहे. शेवटचं पकडणं माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून मागे सारलंय. पण हे बगळ्याला कोण सांगणार? त्याला समोर कोल्हाच दिसतो.

आज्ञा मी मराठीत ठेवल्या. आजूबाजूला सगळे गुजराती बोलतात, तेव्हा मराठी शब्द फक्त माझाच, असा हिशोब. तरी पहिल्या महिन्यात फजिती झालीच. मी 'बस' शिकवलं होतं, आणि बागेतल्या बाकांवर बायका एकमेकींना "बेसो, बेसो" म्हणाल्या की चिंगी भर धावेत जागच्या जागी बसायची. मग 'बस'चं 'पड' केलं.

आता त्या दिवसाचं.

शहराच्या एका टोकाला, विश्वामित्री नदीच्या कोतरांना, म्हणजे घळींना, लागून, एका वसाहतीचं मोठं सार्वजनिक मैदान आहे. हिरवळ, भोवती चालायचा ट्रॅक, कडेला तळं. 21 जूनला तिथे योगदिनाचा कार्यक्रम होता, पाचशे चटया पडणार होत्या. आणि त्याच हिरवळीवर रोज सकाळी दीडेकशे गायबगळे आणि तीसेक काळे शराटी उतरत होते. एवढी मंडळी तास-दोन तास चरून गेली की त्या गवतावर कुणी शवासन करणार नाही, हे उघड होतं. कमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी मला दहा दिवसांचं काम दिलं.

मी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पहाटे पाच वाजता कारंजी फिरवून पाणी मारता, म्हणून गांडुळं आणि किडे वर येतात, म्हणून हे पक्षी येतात. पाणी संध्याकाळी मारा. साहेब म्हणाले, माळी संध्याकाळी थांबत नाही. दोन, ट्रॅकवरच्या पारव्यांसाठी मला धरू नका. पारवा उठतो, समोरच्या गच्चीवर बसतो, कुत्र्याची पाठ वळली की खाली येतो. तिथे ज्वारी टाकणारे हात थांबल्याशिवाय काही होत नाही, आणि ते हात थांबवणं कुत्र्याचं काम नव्हे. दादरच्या कबुतरखान्यावर 2025 मध्ये ताडपत्री घातली तेव्हा केवढं रामायण झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

तिसरी गोष्ट मी कुणाला सांगत नाही, फक्त पाळतो. चिंगीला पाण्यात उतरवायचं नाही. तिकडे परदेशात ही कुत्री बदकांमागे खुशाल पोहत जातात. विश्वामित्रीच्या गावात मगरी आहेत, आणि नदीजवळच्या तळ्यात मगर नाहीच असं छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तळ्याच्या काठापासून वीस पावलांवर मी मनात एक रेघ मारलेली असते. त्या रेघेवर 'पड'.

चार दिवस काम छान चाललं. पाचव्या दिवशी, 16 तारखेला, पावणेसहाला आम्ही पूर्वेच्या फाटकातून आत शिरलो. हवा इतकी कोंदट की शर्ट फाटकातच अंगाला चिकटला. जूनमध्ये साडेसातनंतर चिंगीला मी पळवत नाही. तिच्या अंगावरचं ते झुबकेदार लोकरीचं ओझं बडोद्यासाठी नाहीच. बगळे निम्म्याने कमी झाले होते. विणीच्या दिवसांतले, डोक्या-मानेवर केशरी रंग चढलेले. पलीकडे शराटी, माथ्यावर लाल मखमलीचा तुकडा चिकटवल्यासारखे, वाकड्या चोची गवतात खुपसत चाललेले.

"डावं," मी हलकेच म्हणालो.

चिंगी मोठा वळसा घेऊन गेली. थव्याच्या थेट दिशेने कधी जायचं नाही, बाजूने जायचं, म्हणजे उडायला एकच दिशा उरते. शराट्यांनी माना वर केल्या, एकाने कर्कश ओरडून बाकीच्यांना सांगितलं, आणि सगळे उठले. मागोमाग बगळे. कोतरांवरून, नदीपलीकडच्या शेतांकडे. ट्रॅकवरून चालणाऱ्या एक आजी रोजच्यासारख्या थबकल्या. "मुक्या जिवांना हाकलतोस, पाप लागेल हो."

"आजी, जेवण नाही तोडत, नुसता पत्ता बदलतोय त्यांचा."

"हं," म्हणून त्या पुढे गेल्या. त्यांचा विश्वास बसलेला नाही, अजूनही.

मैदानाच्या वरच्या टोकाला स्टेजसाठी मुरूम टाकून ठेवला होता. तिथे एक बगळा मागे राहिलेला दिसला म्हणून मी चिंगीला 'उजवं' दिलं. ती ढिगाच्या दहा-बारा पावलांवर पोचली आणि आकाशातून काहीतरी किंचाळत तिच्या डोक्यावर आलं.

टिटवी. मग दुसरी.

त्या आळीपाळीने सूर मारत होत्या, कानाला चाटून जातील इतक्या खाली. चिंगीने मान खाली घातली आणि आपली ती प्रसिद्ध नजर लावली. एक टिटवी सरळ तिच्यासमोर, तीन हातांवर उतरली. पिवळ्या काटकुळ्या पायांवर उभी, पंख अर्धे पसरलेले, डोळ्यांपुढचा लाल लोंबता पडदा थरथरतोय, आणि तोंडाने अखंड 'टिटिव-टी, टिटिव-टी'. हललीच नाही. मी वाट बघत होतो चिंगी पुढचं पाऊल टाकेल म्हणून. तिने अधांतरी धरलेला पाय हळूच खाली ठेवला, आणि मी काही न म्हणता आपणहून पडली. हनुवटी गवतावर.

'कुत्र्याला कळलं हो, आईची माया!' असं नंतर बरेच जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. तिच्या नजरेने न हटणारं पाखरू तिने पहिल्यांदाच पाहिलं, इतकंच. बगळ्याला इथे नाही तर तिथे किडे मिळतात, म्हणून तो उडतो. आमचा सगळा धंदा त्यावर चालतो. हिला जायला दुसरी जागाच नव्हती.

मी चिंगीला साखळी लावली आणि लांबून वाकून बघितलं. मुरुमात चार अंडी. मातकट, काळे डाग, निमुळती टोकं आत वळवलेली. एकदा नजर हलली की पुन्हा सापडायला अर्धं मिनिट लागावं अशी. घरटं म्हणजे नुसता खळगा आणि भोवती चार खडे. आम्ही मागे सरलो तशी टिटवी चालत आली, पण लगेच बसली नाही. आधी फिरत्या कारंज्याखाली गेली, पोटाची पिसं भिजवली, आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. उन्हाळ्यात ही पाखरं अंडी अशी गार ठेवतात, हे ऐकून होतो. बघितलं त्या दिवशी. ज्या पहाटेच्या पाण्यावरून मी सेक्रेटरींशी वाद घातला होता, त्याच पाण्यावर हिचा संसार चालला होता.

साहेब सात वाजता आले. मी दाखवलं. ते म्हणाले, "मग? उचलून पलीकडे ठेव. इथे स्टेज येणार."

उचलून ठेवलेल्या अंड्यांवर ती बसेल ह्याचा भरवसा नाही, हे सांगितलं. मग कायदा सांगितला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' ह्या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी ह्यांना धक्का लावणंही येतं. साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "अरे भाई, एक टिटोडीसाठी कोण केस करायला येतंय?"

तेवढ्यात वॉचमनकाका आले. ते छोटाउदेपूरकडचे, बोलणं कमी. त्यांनी अंड्यांकडे नाही, आधी ढिगाकडे बघितलं, हाताने उंची मोजल्यासारखी केली आणि म्हणाले, "साहेब, टिटोडीए ऊंचे ईंडां मूक्यां छे. आ वरसे वरसाद सारो." टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, आणि चार अंडी म्हणजे चारही महिने. गुजरातेत हे पोराटोरांना ठाऊक असतं. पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रंही अशी अंडी छापतात.

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. पादरा तालुक्यात त्यांची तुरीची शेती आहे, हे मला नंतर कळलं. ते गुडघे धरून वाकले, बोटाने हवेतच मोजले, "एक, बे, त्रण, चार." मग मला म्हणाले, "स्टेज पंधरा फूट इकडे घेतलं तर चालेल का?"

मी काय, मांडव घालणारा थोडाच होतो! पण चालेल म्हणालो.

काकांनी चार तुटक्या खुर्च्या आणल्या, सुतळी बांधली, आणि पुठ्ठ्यावर गुजरातीत 'इथे चालू नये' लिहून लावलं. उरलेले दिवस मी तेवढा कोपरा सोडून काम केलं. 20 तारखेला पहाटे खळगा रिकामा होता. काका म्हणाले, आदल्या दुपारी पिल्लं निघाली आणि संध्याकाळपर्यंत आईमागून कोतराकडे चालत गेली. टिटवीची पिल्लं तशी असतात, अंगावरचं ओलं वाळलं की पायांवर उभी. खात्रीला म्हणून मी कोतराच्या तोंडाशी गेलो. दिसलं काहीच नाही, पण डोक्यावरून 'टिटिव-टी' सुरू झालं, तसा परतलो.

योगदिन पार पडला. हिरवळ स्वच्छ होती, तेवढं श्रेय मी घेतो.

मुरुमाचा ढीग आता सपाट झालाय, वर गवत आलंय. महिन्यातून एकदा आम्ही तिथे जातो, तर चिंगी त्या जागेला अजून तोच मोठा वळसा घालते. मी 'उजवं' म्हणालो तरी.

कमिटीने पैसे वेळेवर दिले. फक्त नऊ दिवसांचे. बिलावर 16 तारखेपुढे काट मारून पेन्सिलीने शेरा होता: 'कुत्रं बसून होतं.'