ती शांतता

काल सहाव्या तासाला नववी ब मध्ये पुन्हा ती गुणगुण. ओठ मिटायचे, मान वहीत घालायची आणि घशातून 'म्म्म्' असा सूर धरायचा. आपण खिडकीकडच्या रांगेजवळ गेलो की तिथला सूर बंद, दाराकडचा सुरू. दाराकडे वळावं तर मागून. ५४ मुलं आणि ५४ मिटलेली तोंडं.

मी फळ्यावर अंतर्वक्र आरसा काढत होते. मुख्य अक्ष, नाभी, वक्रता केंद्र. पाठीवर तो आवाज घेऊन माणूस किती वेळ खडू चालवणार? वळले आणि म्हणाले, "ऊठ. बाहेर हो." कुणाला म्हणाले ते सांगायला नकोच. शेवटच्या बाकावर कोण बसतं हे अख्ख्या शाळेला ठाऊक आहे.

"बाई, मी नाही."

"बाहेर म्हटलं ना!"

तो परत बोलला नाही. पेनाला टोपण लावलं, पट्टी वहीत ठेवली, वही मिटली आणि बाकांच्या कडेकडेने निघून गेला. तो दाराबाहेर पडला आणि वर्ग गप्प झाला. टाचणी पडली तरी ऐकू यावी इतका गप्प. तास संपायला बावीस मिनिटं होती. त्या बावीस मिनिटांत या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं शिकवणं झालं असं मला वाटलं.

मला बरं वाटलं. तेच खुपतंय.

संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या. त्याची वही नेमकी वरून तिसरी. पट्टीने ओढलेला अक्ष, कंपासने काढलेला आरसा, पहिला किरण अक्षाला समांतर जाऊन नाभीतून परतलेला, त्यावर बाणही. दुसरा किरण नाभीतून निघून आरशाला टेकलेला, आणि तिथेच थांबलेला. परावर्तन नाही. तिथे मी हाक मारली असणार.

रेघ मारता मारता ओठ मिटून सूरही धरता येतो, हे मला कळतं. त्याने आवाज केलाच नसेल असं मी म्हणत नाही. पण मी वळले तेव्हा मला काय दिसलं होतं? काहीच नाही. मी कुणाचं तोंड बघितलं नाही, कान दिला नाही. ज्याला बाहेर काढलं तर कुणी जाब विचारणार नाही त्याला बाहेर काढलं. पुढच्या बाकावरच्या कुणाला काढलं असतं का? नसतं. त्याच्या घरून फोन आला असता.

बी.एड.ला असताना जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याच्या तासाला एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत बसला होता. कौनिनने त्याला झापलं, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता तेही खाली माना घालून बसले. ते बघून त्याने पुढे वर्षानुवर्षं वर्गांचा अभ्यास केला, चित्रणं करून तपासली. १९७० मध्ये ते सगळं छापून आलं. चूक झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावरून कुणाचा वर्ग चांगला चालतो ते त्याला सांगता येईना. फरक दिसला तो दुसरीकडे. वर्गात काय चाललंय ते शिक्षकाला दिसतंय, हे मुलांना कळलेलं असलं की वर्ग चालतो. आणि ते दिसतंय की नाही हे तो कशावरून मोजायचा? शिक्षकाने वेळेवर टोकलं का, आणि नेमक्या मुलाला टोकलं का. मी सात मार्कांना लिहिलं होतं हे.

म्हणजे काल वर्गातल्या ५३ जणांना कळलं की बाईंना दिसत नाही. ती शांतता त्याचीच होती की काय?

शिक्षकखोलीत बोलले नाही. बोलले असते तरी गणिताच्या सरांनी "हात तर उचलला नाहीत ना, मग झालं" एवढंच म्हटलं असतं. सगळे हेच म्हणतो आपण. पण १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत, कलम २८ मध्ये, शाळेची शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी असं म्हटलंय. तिथे नुसतं हात न उचलून भागत नाही. सगळ्यांसमोर "मी नाही" म्हणणाऱ्याचं ऐकूनच घ्यायचं नाही, हे प्रतिष्ठेत कसं बसवायचं?

आणि माझं कोण ऐकतं? दिवसाला सहा तास, संध्याकाळी घसा बसलेला. मुख्याध्यापकबाई म्हणतात, वर्ग सांभाळता आला पाहिजे. पालक म्हणतात, बाई, घरी आमचंसुद्धा ऐकत नाही, तुम्हीच बघा काय ते. सरकारी शाळा आहे, दारात येईल तो आपला. तसंच असायला हवं, यावर माझा आजही विश्वास आहे. पण आलेल्या प्रत्येकाकडे बघायला एका तासात एका माणसाकडे डोळे किती असतात, हे कुणी विचारत नाही. वर्गाबाहेर गेलेल्याची सगळे विचारपूस करतात आणि फळ्यापाशी उभी आहे तिची... जाऊ दे. हे आधीही लिहून झालंय.

रात्री झोप लागेना तेव्हा एक आठवलं. आम्ही नववीत असताना भूगोलाच्या तासाला बाकाखाली पाय घासायचो. सगळ्या मुली एकदम. बाईंचा राग नव्हता आला आम्हाला, बाई आवडायच्या. दुपारचा तास संपत नव्हता आणि सगळ्यांनी मिळून काहीतरी करण्यात मजा होती, बस. बाई पाढा म्हटल्यासारखं पुढे शिकवत राहायच्या आणि शिकवता शिकवता बाकांमधून चालायला लागायच्या. त्या शेजारून गेल्या की पाय आपोआप थांबायचे. गुणगुण माझ्या वर्गातही होतच राहणार. पंधराव्या वर्षी, सहाव्या तासाला, ती व्हायचीच.

आज वही परत देताना ठरवलं होतं की सगळ्यांसमोर सांगायचं, काल मी न बघता तुला बाहेर काढलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "दुसऱ्या किरणाचं परावर्तन राहिलंय."

"हो बाई," म्हणाला. लगेच पट्टी काढली.

तास संपायला दहा मिनिटं असताना खिडकीकडून सूर सुरू झाला. या वेळी मी खडू ठेवला आणि बाकांमधून चालत मागे निघाले. त्याची नजर माझ्यावरच होती. दोन्ही हात बाकावर पसरून ठेवलेले, आणि तोंड उघडं. जबडा खाली सोडून, दात दिसतील इतकं उघडं धरून बसला होता. आवाज त्याचा नाही हे मला लांबूनही दिसावं म्हणून.

मी त्याच्या बाकापाशी पोचले तरी त्याने ते मिटलं नाही.