वशिंड नसलेला बैल

2 एप्रिल 2024, मंगळवार. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची, म्हणून पावणेसातची एसटी. पायाशी पत्र्याची ट्रंक आणि कंडक्टरचा ठरलेला विनोद, "ताई, दागिनं हायत का काय ह्यात?" ट्रंकेत चाळीसेक पुस्तकं, 'किशोर'चे जुने अंक आणि कबुतरं करायला पांढऱ्या कागदांचा गठ्ठा.

2 एप्रिल हा परीकथा लिहिणाऱ्या हान्स अँडरसनचा जन्मदिवस. 1967 पासून तो बालपुस्तक दिन म्हणून जगभर पाळतात. त्या वर्षी पुस्तकांची पेटी घेऊन शाळाशाळांत फिरणाऱ्या आम्हा सगळ्या पेटीवाल्यांना वरून विषय आला होता, 'शांतता'. सोबत भरायचा फॉर्म. त्यात एक रकाना, 'गोष्टीतून मुलांना मिळालेला बोध'. हा रकाना मी 11 वर्षं भरते आहे आणि 11 वर्षं त्यात थापा मारते आहे.

पुस्तक मात्र मी मनापासून निवडलं होतं. मनरो लीफची फर्डिनंड बैलाची गोष्ट, 1936 सालची. स्पेनमधला हा बैल. बाकीचे खोंड टकरा घेतात, हा झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. मला हे पुस्तक आवडतं त्याला कारण येला लेपमन. स्टुटगार्टची ही ज्यू पत्रकार जर्मनी सोडून लंडनला गेली होती. युद्ध संपल्यावर ती अमेरिकी सैन्याची सल्लागार म्हणून परत आली. काम काय, तर बायका-मुलांचे प्रश्न बघायचे. पोरं उपाशी, घरं पडलेली, आणि या बाईनं देशोदेशी पत्रं धाडली की मुलांची पुस्तकं पाठवा, आमच्याकडे पैसे नाहीत. बेल्जियमनं नकार कळवला, जर्मनांनी आमच्यावर दोनदा चाल केली आहे. हिनं उलट लिहिलं, मग तिसऱ्यांदा होऊ नये याची गरज तुम्हालाच जास्त. पुस्तकं आली! 1946 मध्ये म्युनिकला त्यांचं प्रदर्शन भरलं. ते बर्लिनला गेलं तेव्हा लेपमनबाईंनी फर्डिनंडची गोष्ट स्वतः जर्मनमध्ये उतरवली आणि साध्या वर्तमानपत्री कागदावर 30,000 प्रती काढून नाताळात मुलांना फुकट वाटल्या. पुढे 1949 मध्ये म्युनिकला मुलांच्या पुस्तकांचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं, तेही त्यांच्याच खटपटीनं. मोडक्या बर्लिनमध्ये लढाई नको म्हणणारा बैल! एसटीत बसून मी हे मनात घोळवत होते आणि स्वतःवर खूश होते.

आटपाडीच्या पुढची ही शाळा. दोन शिक्षक, चार वर्ग. मी फाटकाशी पोचले तर गुरुजी दोन पोरांना दोन हातांनी धरून उभे. एकाच्या शर्टाची बटणं गेलेली, दुसऱ्याच्या नाकाला रक्त. एक वरच्या वस्तीचा, एक खालच्या. "रोजचंच हाय," गुरुजी म्हणाले. "तुमी सुरू करा."

केलं. पुस्तक इंग्रजी, चित्रं दाखवत मी मराठीत सांगत होते. चित्रं नुसत्या काळ्या शाईची. पहिल्या पानालाच पुढून आवाज, "म्याडम, रंगवायचं ऱ्हायलंय ह्ये." बरं, पुढे. फर्डिनंड बसतो ते झाड. "हे बुचाचं झाड," मी म्हटलं. चित्रकारानं गंमत म्हणून त्याला बाटलीची बुचं फळांसारखी लोंबती काढली आहेत. अख्खा वर्ग खिडकीकडे वळला. शाळेच्या आवारातच बुचाचं झाड. "त्येला बुचं न्हाई लागत, फुलं लागत्यात. लांब दांड्याची." आता स्पेनचं बूच वेगळं आणि आपलं बूच वेगळं, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली, आणि ते कुणाला पटलं असं मला वाटत नाही.

मग चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला. "म्याडम, ह्येला वशिंडच न्हाई."

मी पुस्तक स्वतःकडे फिरवून बघितलं. हे पुस्तक मी पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. खरंच, वशिंड नाही. तिकडच्या बैलांना नसतंच.

"जर्सी हाय त्यो!"

"जर्सी हाय म्हनून बसतोय. खिलार आसता तर बसला आस्ता व्हय?"

हशा झाला. मीही हसले. गोष्ट झकास रंगात आली होती. फर्डिनंड भुंग्यावर बसतो, भुंगा डंख मारतो, हा थयथयाट करतो, आणि मारका बैल शोधायला आलेल्या पाच जणांना वाटतं, वा, हाच! ("भुंगा न्हाई, गांधीलमाशी आसंल," कुणीतरी दुरुस्ती केली. या पोरांपुढे लेखकाची धडगत नव्हती.) गाडीत घालून त्याला माद्रिदला नेतात. मैदान, झेंडे, गर्दी. हे सगळं मुलांना आतून माहीत होतं, मला काही सांगावंच लागलं नाही. आणि मैदानाच्या मधोमध फर्डिनंड... मी पान उलटलं. "बसला."

वर्ग गप्प. एकही पोर चित्राकडे बघत नव्हतं. सगळ्यांनी माना मागे वळवल्या होत्या, भिंतीला टेकून बसलेल्या, बटणं तुटलेल्या मुलाकडे. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "बसका." आणि नाकात कापूस घातलेला तो दुसरा फिसकन हसला.

गुरुजींनी टेबलावर डस्टर आपटलं. माझ्याजवळ वाकून हलक्या आवाजात त्यांनी चार वाक्यांत सांगितलं ते असं. पंधरा दिवसांमागे शेजारच्या गावात शर्यत होती. त्या मुलाच्या घरचा सोन्या, गाडी सुटायच्या जागेवरच खाली बसला. शेपूट पिरगाळली, चाबूक ओढले, उठला नाही. बापानं कर्ज काढून घेतलेला खोंड आठवड्याच्या आत बाजारात विकला. तेव्हापासून पोराचं शाळेतलं नाव बसका.

बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली 2014 मध्ये. ती डिसेंबर 2021 मध्ये उठली. चौथीतली ही पोरं साधारण बंदीच्या वर्षीच जन्मलेली. शर्यत त्यांच्या डोळ्यांदेखत गावात परत आली होती आणि तिच्याइतकं मोठं जगात त्यांना काही नव्हतं. हे मला माहीत असायला हवं होतं. रस्त्यानं येताना शर्यतींचे फ्लेक्स मीच वाचत आले होते. पुस्तक निवडताना मी बर्लिनचा विचार केला होता, आटपाडीचा नाही.

पुस्तक मिटावं, कबुतरं काढावीत, असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात मागून प्रश्न आला.

"मग मारला का त्येला?"

तोच विचारत होता. भिंतीला टेकूनच.

"नाही," मी म्हटलं. "सगळे खूप चिडले. पण हा लढेचना, तर करणार काय? घरी नेऊन सोडला."

"इकला न्हाई?"

"नाही."

"का?"

याचं उत्तर पुस्तकात नाही. माझ्याकडेही नव्हतं. ज्या शाळांत मी गेले तिथं सगळीकडे मुलांनी विचारलं होतं की फर्डिनंड लढला का नाही. विकला का नाही, हे पहिल्यांदाच.

उत्तर दिलं ते वशिंडवाल्या मुलीनं. "त्येची आई मगाशी म्हनली न्हवं, बसू दे म्हनून." गोष्टीत सुरुवातीला आई विचारते, तू बाकीच्यांत का खेळत नाहीस, आणि हा एकटा बसूनही खूश आहे हे कळल्यावर त्याला तसंच बसू देते. मी ते पान नेहमी भरभर उलटते.

"आई म्हनून काय हुतंय? मालक म्हनाय पायजे," कापूसवाला म्हणाला. आता त्याच्या आवाजात चिडवणं नव्हतं, मुद्दा होता. मग जे सुरू झालं त्यात मला जागाच उरली नाही. मालक कोण? पुस्तकात मालक दाखवलाय का? नाही. मग जनावर कुणाचं? बसलेल्या बैलाला वैरण कोण घालणार? एक जण म्हणाला, नुसता वास घेतो म्हणजे फुलं खात नाही, म्हणजे खर्च कमीच. वीस मिनिटं हे चाललं. मागचा मुलगा त्यात बोलला नाही. पण पुढे सरकत सरकत माझ्या खुर्चीपर्यंत आला आणि शेवटचं पान त्यानं स्वतःच्या हातानं उलटलं. फर्डिनंड कदाचित अजूनही तिथं झाडाखाली बसलेला असेल, असं तिथं लिहिलं आहे. मी ते वाचून दाखवलं.

"आजून?"

"असेल."

कबुतरं राहूनच गेली. कोरे कागद गुरुजींनी परीक्षेच्या सरावाला ठेवून घेतले. निघताना तो मुलगा रजिस्टरपाशी आला. पुस्तक इंग्रजी आहे, तुला वाचता येणार नाही, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. त्यानं सही केली. फॉर्ममधला बोधाचा रकाना मी एसटीत भरला, 'शांततेचे महत्त्व समजले.'

महिनाअखेरीला पेटी बदलायला गेले. तोवर पुस्तक आणखी चौघांकडे फिरून आलं होतं, त्यात दोघं खालच्या वस्तीचे. गुरुजींनी ते माझ्या हातात देताना जरा ओशाळून सांगितलं, "थोडं खराब केलंय बघा पोरांनी."

मी उघडलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, जिथं जिथं फर्डिनंड होता तिथं तिथं त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं वशिंड काढलेलं होतं. कुठं टोकदार, कुठं एका बाजूला कललेलं; एका हाताचं काम नव्हतं. शेवटच्या पानावर झाडाखाली एक पाण्याची बादलीही होती.

रजिस्टरात 'पुस्तकाची स्थिती' असा रकाना आहे. मी लिहिलं, 'चांगली'.