परवान्यापासून अगत्तीच्या पाण्यापर्यंत : लक्षद्वीपचा माझा अनुभव

लक्षद्वीपला जायचे तर तिकिटाआधी परवाना लागतो, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. पण त्या परवान्यासाठी कोणता कागद आधी काढायचा आणि कोणता मागाहून, हे विचारू लागले की जो तो वेगळे सांगतो. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण गेल्या हिवाळ्यात अगत्ती बेटावर राहून आलो. दोघींच्याही घरी आधीचे वर्ष आजारपणात आणि धावपळीत गेले होते. त्यामुळे आम्हाला प्रेक्षणीय स्थळांची यादी नको होती. समुद्र, सावली आणि एकमेकींशी बोलायला भरपूर वेळ एवढेच हवे होते. कागदपत्रांच्या ज्या वाटेने आम्ही तिथे पोहोचलो, ती नीट लिहून ठेवावी असे वाटले, कारण ही वाट एकदा समजली की मुळीच अवघड नाही.

लक्षद्वीप हा ३६ बेटांचा केंद्रशासित प्रदेश आहे. सगळी मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आणि वस्ती फक्त १० बेटांवर. तिथले बहुतांश मूळ रहिवासी अनुसूचित जमातींत मोडतात, आणि त्यांची जमीन व जीवनपद्धती सुरक्षित राहावी म्हणून १९६७ साली प्रवेश आणि वास्तव्यावर निर्बंध घालणारे नियम झाले. म्हणून परक्या देशातून येणाऱ्यालाच नव्हे, तर आपल्यासारख्या भारतीय नागरिकालाही तिथे पाऊल ठेवण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. सुरुवातीला घरच्यांना ही उगाच कटकट वाटली. मला मात्र हा नियम योग्य वाटतो. एक किलोमीटरही रुंद नसलेल्या बेटावर, जिथे गोडे पाणी मोजकेच आहे, तिथे सुट्टीच्या दिवसांत आपल्याकडच्या किनाऱ्यांवर उसळते तशी गर्दी उसळली, तर ना ते बेट टिकेल, ना आपण शोधत गेलेला निवांतपणा.

आमचा क्रम असा होता. सर्वांत आधी राहण्याची सोय पक्की केली, कारण अर्जात तुम्ही कोणत्या बेटावर, कुणाकडे आणि किती काळ राहणार हे लिहावे लागते. अगत्तीवर घराचाच एक भाग पाहुण्यांसाठी ठेवणारे एक कुटुंब आम्हाला ओळखीतून मिळाले आणि स्थानिक प्रायोजक, म्हणजे बेटावरचे आपले हमीदार, म्हणून त्यांनीच आपला तपशील दिला. त्यानंतर पोलिसांचे प्रमाणपत्र, म्हणजे आपल्याकडे ज्याला चारित्र्य पडताळणी म्हणतात ते. मी नवी मुंबईत राहते आणि मैत्रीण रत्नागिरीत, त्यामुळे माझा अर्ज आयुक्तालयाकडे गेला आणि तिचा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे. अर्ज ऑनलाइन भरता येतो. आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि छायाचित्र जोडून शुल्क भरले की पुढे स्थानिक पोलीस ठाण्यातून बोलावणे येते आणि मूळ कागद घेऊन जावे लागते. अर्जात प्रमाणपत्र कशासाठी हवे हे विचारलेले असते, तिथे लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्यासाठी असे स्पष्ट लिहावे. या एका टप्प्याला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसते. एकीचे प्रमाणपत्र चटकन आले आणि दुसरीचे बरेच रेंगाळले. तेव्हा दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या माणसांनी एकत्र जायचे असेल, तर दोघांनी एकाच दिवशी अर्ज करावेत आणि हाताशी भरपूर अवधी ठेवावा.

प्रमाणपत्रे हाती आल्यावर लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परवाना संकेतस्थळावरचा अर्ज हे तासाभराचेच काम होते. अर्जाचे नाममात्र शुल्क आणि प्रौढांसाठी वारसा शुल्क भरावे लागते. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. परवान्यावर बेटांची नावे असतात, म्हणून मुक्काम अगत्तीला असला तरी बंगाराम आणि तिन्नकरा या बेटांवर एक दिवस जाऊन यायची इच्छा असेल, तर ती नावे अर्जातच घालावीत. आम्ही ती घातली होती. परवाना आला की त्याच्या तीन-चार छापील प्रती काढाव्यात. जहाजावर चढताना, बेटावर उतरताना आणि विमानतळावर त्या मागितल्या जातात, आणि अशा वेळी मोबाइल उघडून दाखवत बसण्यापेक्षा कागद बरा.

परवान्यानंतर तिकिटे. जाताना जहाज आणि येताना विमान असे आम्ही ठरवले. कोचीहून सुटणारी प्रवासी जहाजे मुळात बेटावरच्या लोकांसाठी आहेत. इस्पितळ, कॉलेज, लग्नाची खरेदी, सगळ्यासाठी त्यांना कोचीच गाठावी लागते. त्यामुळे जागा झपाट्याने भरतात आणि हवामानानुसार वेळापत्रकही बदलते. रेल्वेचे आरक्षण मात्र साठ दिवस आधी उघडते, म्हणून गाडीची तिकिटे आधी काढून कोचीत एक मोकळा दिवस राखून ठेवला. गाडी होती मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. मी पनवेलला चढले, मैत्रीण रत्नागिरीला, आणि ती येताना घावनांचा डबा आणि खोबऱ्याची चटणी घेऊन आली. कोचीतला तो मोकळा दिवस मट्टांचेरीत गेला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गौड सारस्वतांची कोकणी कानावर पडली आणि मैत्रिणीने लगेच बोलायला सुरुवात केली. तिच्या आजोळची कोकणी आणि ही कोकणी यांत बरेच अंतर असूनही बाजारहाटाचे सगळे बोलणे जमले.

जहाज कोची बंदरातल्याच विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून सुटते. सामानाची तपासणी, परवाना, ओळखपत्र असे सोपस्कार झाले की बंदर मागे पडू लागते, आणि फोर्ट कोचीची मासे धरायची ती उंच चिनी जाळी डावीकडून सरकत गेली की उघडा समुद्र लागतो. अगत्ती कोचीपासून सुमारे ४५९ किलोमीटर आहे, म्हणजे रात्र समुद्रावरच जाते. बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी जहाज हलू लागण्यापूर्वीच गोळी घ्यावी आणि पोट अगदी रिकामे ठेवू नये, हा सल्ला आम्हाला जहाजावरच्या एका बेटवासी आजींनी दिला आणि तो खरा ठरला. आमच्या डब्यातली घावने त्यांनी आवडीने खाल्ली.

सकाळी अगत्तीसमोर जहाज थांबले तेव्हा ते धक्क्याला लागणार नाही हे कळले. प्रवाळाच्या कड्यामुळे मोठ्या जहाजाला आत जाता येत नाही, म्हणून छोटी बोट बाहेर येते आणि जहाजाच्या बाजूच्या दारातून तिच्यात उतरावे लागते. हा क्षण मला लख्ख आठवतो. दारात दोन खलाशी, खाली बोटीत दोन. बोट लाटेबरोबर हातभर वर येते आणि पुन्हा खाली जाते. खलाशी दंड धरून ठेवतो, लाट वर येईपर्यंत थांबवतो आणि मग एकच शब्द उच्चारतो. त्या शब्दावर पाय टाकायचा, आधी नाही आणि नंतरही नाही. मैत्रीण समुद्राकाठची असल्यामुळे ती सहज उतरली आणि वर पाहून मला म्हणाली, “खाली बघू नकोस गो, त्याच्या हाताकडे बघ.” तसे केले आणि मीही उतरले. आमच्यामागून एक आई तान्हे मूल खलाशाच्या हाती देऊन तितक्याच सहजपणे उतरली.

बेटावर पोहोचल्यावर पोलीस ठाण्यात परवान्याची प्रत देऊन नोंद केली आणि कागदांचे काम तिथे संपले.

अगत्ती सुमारे साडेसात किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळे आहे. २०११च्या जनगणनेत तिथली वस्ती साडेसात हजारांच्या आसपास होती. इथल्या बहुतेक बेटांप्रमाणे तेही प्रवाळकड्याच्या पूर्व कडेवर वसलेले आहे. त्यामुळे पूर्वेला लाटा थेट येऊन आदळतात, तर पश्चिमेला कड्याच्या आत अडलेले उथळ, शांत पाणी पसरते, ज्याला लगून म्हणतात. आमचा दिवस या रचनेवरच बेतला गेला: पहाटे पूर्वेच्या बाजूला लाटांचा आवाज ऐकत चालायचे, ऊन चढले की माडांच्या सावलीत, आणि दुपार कलल्यावर पश्चिमेच्या पाण्यात. पांढऱ्या वाळूचे मैत्रिणीला फार अप्रूप वाटले. कोकणातली पुळण डोंगरातून वाहून आलेल्या गाळाची. इथे डोंगरच नाही. ही वाळू प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, आणि त्यात पोपटमाशांचाही वाटा आहे, कारण ते प्रवाळ कुरतडतात आणि न पचलेला भाग वाळू होऊन बाहेर पडतो.

गुडघाभर पाण्यातून चालत पुढे गेले की समुद्री गवताची कुरणे लागतात. चेहऱ्यावर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासनळी लावून आम्ही तरंगत होतो तेव्हा खाली एक हिरवे कासव चरत होते. गाय जशी जिभेने गवत ओढून घेते तसे ते मान वाकडी करून पात्यांचा झुबका तोडायचे, तुटलेले तुकडे तोंडाच्या कडेने सुटून वर तरंगत यायचे आणि छोटे मासे त्यांच्यामागे धावायचे. आमची त्याला काहीच पर्वा नव्हती. श्वास घ्यायला ते आमच्यापासून चार हातांवर वर आले, नाकपुड्या उघडून मोठा उच्छ्वास टाकला आणि पुन्हा खाली गेले. आम्ही दोघी पाण्यातच एकमेकींचा हात घट्ट धरून राहिलो होतो.

लगूनमध्ये उतरणाऱ्यांनी रबरी तळव्याच्या चपला घालाव्यात, पण प्रवाळावर उभे राहू नये. तो जिवंत असतो आणि आपल्या पायाने मोडतो. मेलेला वाटणारा तुकडाही घरी आणायचा नाही, कारण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. हे सांगताना आमचे यजमान जरा गंभीर झाले होते. समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ साली इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, आणि मासेमारीवर जगणाऱ्या माणसाला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पाण्याची गोष्टही सांगायलाच हवी. बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत असतो. जास्त उपसला की खारे पाणी वर येते. म्हणून समुद्राच्या पाण्यापासून पिण्याचे पाणी करणारे प्रकल्प उभे राहिले, पहिला २००५ साली कवरत्ती या राजधानीच्या बेटावर आणि पुढे २०११ साली अगत्तीलाही. पृष्ठभागाचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफवायचे आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववायची, अशी ती पद्धत आहे. हे कळल्यावर आम्ही एका बादलीत आंघोळ उरकू लागलो आणि आपला प्लास्टिकचा कचरा पिशवीत भरून परत आणला.

जेवण घरचेच होते: उन्हात वाळवलेल्या टूनाचा खोबरे घालून केलेला कोरडा प्रकार, माशाचे कालवण, भात, आणि एका सकाळी किलांजी. तांदळाच्या पिठाच्या आणि अंड्याच्या या रुमालासारख्या पातळ घड्या नारळाच्या गोड दुधात बुडवून खातात. मैत्रिणीने यजमानीणबाईंच्या शेजारी बसून ते पीठ किती सैल असते हे हाताने पाहून घेतले आणि त्यांना आपली घावने करून दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी सकाळभर स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. वस्ती मुख्यतः मुस्लिम आणि रीतीभातींना जपणारी आहे, म्हणून गावातून फिरताना अंगभर कपडे घालावेत; बंगाराम सोडले तर दारूला बंदी आहे. आम्हा दोघींना याची कुठेच अडचण झाली नाही, उलट संध्याकाळी उशिरापर्यंत किनाऱ्यावर बसताना मनात भीती म्हणून आली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही काय बोललो ते इथे लिहिण्याचे नाही. एवढे सांगते की पहिले दोन दिवस आम्ही घर, मुले, औषधे यांविषयीच बोलत होतो, मग हळूहळू शाळेतल्या गोष्टी निघाल्या, आणि त्यानंतर बराच वेळ न बोलताही बसता येऊ लागले. इतक्या वर्षांत फोनवर हे कधी जमले नव्हते, कारण फोनवर गप्प राहता येत नाही.

परतीविषयी दोन व्यावहारिक गोष्टी. ज्यांना स्कूबा डायव्हिंग करायचे आहे त्यांनी ते मुक्कामाच्या सुरुवातीलाच उरकावे, कारण एकाहून अधिक डाइव्ह केल्यास विमान प्रवासापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत असा संकेत आहे. रक्तात विरलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा अवधी लागतो. दुसरे म्हणजे, अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची असल्यामुळे छोटी विमाने येतात आणि सामानाची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांच्यासोबत वृद्ध माणसे आहेत त्यांनी जातानाही विमानच निवडावे, कारण बोटीत उतरण्याचा तो प्रकार तोल सांभाळता येणाऱ्यांसाठीच आहे. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाळी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हिवाळ्यात जायचे असेल तर पडताळणीचा अर्ज गणपतीच्या सुमारास करून टाकावा.